काळी गाडी, दोन बादल्या

पुण्याहून राळेगणसिद्धी म्हणजे शंभर किलोमीटरच्या आतला मस्त वीकएंड ड्राइव्ह. जाताना गाडी चकाचक, येताना धुळीनं माखलेली! ती चमक परत आणायची, तीही ३५ लिटर पाण्यात. जमतं, फक्त थोडं डोकं वापरावं लागतं.

काळी गाडी असलेल्यांचे दोन प्रकार असतात. एक, ज्यांनी ती अजून स्वतः धुतलेली नाही. आणि दोन, ज्यांनी पुढची गाडी पांढरी घ्यायची असं ठरवून टाकलंय!

गंमत बाजूला ठेवा, पण शोरूमच्या दिव्याखाली काळ्या रंगासारखा रुबाब दुसऱ्या कुठल्याच रंगाला येत नाही. फॉर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली तेव्हा लोक हळहळले होते. पण प्रेम वेगळं आणि संसार वेगळा. डिलिव्हरीच्या दिवशी आरशासारखी दिसणारी गाडी सहा महिन्यांनी उन्हात उभी करा आणि बॉनेटकडे तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतील. ते कुणी मुद्दाम काढलेले नसतात. बहुतेक वेळा ते रोजच्या 'स्वच्छते'तून आलेले असतात.

धूळ कुठून कुठे

नगर रोड ओळखीचाच. वाघोलीचं ट्रॅफिक, मग शिक्रापूर, पुढे रांजणगावचा महागणपती. त्याच रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. म्हणजे नवीकोरी गाडी ज्या रस्त्यानं बाहेर पडते, त्याच रस्त्यावर तिची पहिली परीक्षा सुरू होते. शिरूर सोडून घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. कालपरवापर्यंतचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. पुढे वाडेगव्हाणला मुख्य रस्ता सोडला की राळेगण अगदी जवळ.

एवढ्या प्रवासात गाडीवर काय काय बसतं बघा. ट्रकच्या चाकांनी उडवलेली बारीक खडी, शेताची माती, डिझेलचा काजळीसारखा थर, संध्याकाळी पुढच्या बंपरवर चिकटलेले किडे, आणि जेवायला झाडाखाली थांबला असाल तर पक्ष्यांचा प्रसाद. पांढऱ्या गाडीवर यातलं निम्मं कुणाला कळतही नाही. काळीवर सगळं लिहिल्यासारखं दिसतं.

रंग किती जाड असतो?

अंदाज करा. अर्धा मिलिमीटर? नाही हो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक एका केसापेक्षा पातळ थरात राहते! उन्हापासून रंगाचं रक्षणही तोच थर करतो.

ओरखडे पडतात ते या थरावर. धुळीतला वाळूचा कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. कोरड्या फडक्याखाली तो घासला गेला की बारीक चर पडते. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश सरळ परत येतो, चरेवर आपटला की इकडेतिकडे विखुरतो आणि पांढुरकी रेघ दिसते. पांढऱ्या रंगावर ती लपून जाते, काळ्यावर उठून दिसते. ओरखडे दोन्ही गाड्यांना सारखेच पडतात, चुगली फक्त काळी करते.

दुसरी भानगड उष्णतेची. काळा रंग ऊन पितो. दुपारी बॉनेटला हात लावून बघा, चटका बसेल. अशा पत्र्यावर पाणी टाकलं की ते क्षणात सुकतं आणि पाण्यातले क्षार मागे राहतात. हेच ते पांढरे गोल डाग. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त, त्यामुळे डागही जास्त.

आता राळेगणचा हिशोब

तुम्ही म्हणाल, गाडी धुण्याच्या लेखात राळेगण कशाला? कारण पाणी कसं मोजून वापरायचं हे शिकायला यापेक्षा चांगला पत्ता नाही.

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला सरासरी ४००-५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा राळेगण ओळखलं जायचं ते दुष्काळासाठी आणि दारूच्या भट्ट्यांसाठी. थोडी आपल्या विषयाला धरून माहिती: अण्णा लष्करात ट्रकचालक होते. १९६५च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर त्यांच्या गाडीवर हल्ला झाला होता आणि ते त्यातून वाचले. म्हणजे गाडी आणि रस्ता हा विषय या गावाला नवा नाही!

मग सुरू झालं काम. आधी यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती, त्यातून गाव एकत्र आलं आणि मग श्रमदान. डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यावर नालाबांध, पाझर तलावाची दुरुस्ती, झाडं. पावसाचं पाणी धावत सुटलं की माती घेऊन जातं. म्हणून त्याला ठिकठिकाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं आणि मग विहिरीतून पुरवून पुरवून वापरायचं. या गोष्टीचा खरा भाग मात्र बांधांचा नाहीच. पाणी आल्यावर गावानं ते उधळलं नाही, हा आहे. उसासारख्या पाणीखाऊ पिकांना नकार दिला, सामुदायिक विहिरी केल्या, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीनं हे गाव देशभर गेलं. अण्णांना १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं एक पाऊल पुढे टाकलं. तिथे पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरतात.

आता आपला ताळेबंद मांडू या. साध्या पाइपातून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी येतं. १२ धरा. रविवारी सकाळी पाइप चालू ठेवून पंधरा मिनिटं गाडी धुतली की १८० लिटर गेले. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरलंय. म्हणजे तुमच्या एका गाडीच्या आंघोळीत तीन माणसांचा दिवस वाहून गेला, वर थोडं उरलंच. सोसायटीत शंभर गाड्या असतील आणि सगळ्यांनी असंच केलं, तर एका रविवारी १८ हजार लिटर. १० हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ दोन टँकर!

हे काही भीती घालण्यासाठी नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीतून गेलं पाच लाख लिटर. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूसारख्या आयटीच्या राजधानीत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला ५००० रुपये दंड लावायची वेळ आली. पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि खरी मजा पुढे आहे. कमी पाण्यात, नीट पद्धतीनं धुतलेली काळी गाडी पाइपानं बदाबदा धुतलेल्या गाडीपेक्षा चांगली दिसते. कारण ओरखडे पाणी कमी पडल्यानं येत नाहीत, धूळ चुकीच्या पद्धतीनं काढल्यानं येतात.

एक बादली, एक फडकं, तीस गाड्या

जवळपास प्रत्येक सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला कुणीतरी येतं. एक बादली, एक फडकं आणि आठ वाजायच्या आत तीस गाड्या. पहिल्या गाडीची वाळू तिसाव्या गाडीपर्यंत जाते. यात त्या माणसाचा दोष काय? महिन्याला आपण जे देतो त्यात वेळ तेवढाच मिळतो.

यावर उपाय सोपा आहे. त्यांना सरळ सांगा, "काका, माझी गाडी रोज कोरडी पुसू नका. आठवड्यातून दोनदाच करा, पण ही माझी दोन फडकी आणि स्वच्छ पाणी घेऊन करा. पैसे तेवढेच." पैसे कमी करू नका, उलट थोडे वाढवा. काम कमी, पाणी कमी, ओरखडे कमी. कोण नाही म्हणेल? आणि हो, डिकीतला तो पिसांचा किंवा सुताचा डस्टर काळ्या गाडीवर कोरडा फिरवणं आजपासून बंद.

धुवायची रीत

गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार. सकाळी सात ही बेस्ट वेळ. लाँग ड्राइव्हहून आल्या आल्या बॉनेटवर पाणी ओतू नका, इंजिन थंड होऊ द्या.

पहिलं काम, भिजवणं. शेतात फवारणीला वापरतात तसा छोटा हातपंप बागकामाच्या दुकानात मिळतो. त्यात पाणी आणि चमचाभर कार शॅम्पू घालून सगळ्या गाडीवर फवारा. दोन-तीन मिनिटं थांबा, धूळ सैल होऊ द्या, पण सुकू देऊ नका. मग साध्या पाण्याचा फवारा, वरून खाली. या सगळ्यात पाच लिटर लागतात. पावसाळ्यातला चिखल असेल तर इथे हात सैल सोडा, चिखल हातानं खरवडू नका.

दुसरं, दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. प्रत्येकी आठ लिटर पुरे. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग पुसा, मग साध्या पाण्यात खळबळून माती सोडा आणि पुन्हा शॅम्पूत. हा एवढा नियम पाळला तरी निम्मी लढाई जिंकली. टपापासून सुरुवात, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग, कारण तिथे सगळ्यात जास्त वाळू असते. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. चाकांचं फडकं वेगळं. ब्रेकमधून झिजलेले लोखंडाचे कण तिथे असतात, ते फडकं रंगावर आणलं तर संपलंच. मोजा जमिनीवर पडला? उचलून बाजूला ठेवा, दुसरा घ्या.

शॅम्पू गाडीचाच हवा. भांडी घासायचं लिक्विड चिकटपणा काढतं तसंच गाडीवरचं मेणाचं संरक्षणही धुऊन टाकतं.

तिसरं, शेवटचं पाणी. झाडांना घालायच्या झारीनं १०-१२ लिटर. एकूण झाले ३३. आणि इथे एक खास टिप! एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादलीत साठवा, कपड्यातून गाळा आणि शेवटच्या धुण्याला वापरा. डाग पडणार नाहीत. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र गाडीला नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

नुसती धूळ असेल तर याहून सोपा मार्ग आहे. 'रिन्सलेस वॉश' नावाची द्रव्यं मिळतात. बादलीभर पाण्यात थोडं टाकायचं, सात-आठ मऊ फडकी त्यात भिजवायची आणि प्रत्येक भागाला फडक्याची नवी घडी. नंतर पाणी ओतायची गरजच नाही. आठ-दहा लिटरमध्ये गाडी तयार. मात्र चिखलानं माखलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

सुकवणं: इथेच घात होतो

राळेगणच्या शिवारात पाणी थांबलं पाहिजे, हे सगळ्या खटाटोपाचं सार. काळ्या गाडीवर नेमकं उलटं! इथे थेंब थांबला की डाग पडला. त्यामुळे 'वाऱ्यावर सुकेल' हा विचार सोडा.

मोठा, जाडसर मायक्रोफायबर टॉवेल घ्या. बॉनेटवर पसरा आणि हलक्या हातानं आपल्याकडे ओढा, किंवा नुसता टिपून घ्या. दाबून घासायचं नाही. जुना बनियन, पंचा, आंघोळीचा टॉवेल यांना प्रेमानं निरोप द्या, त्यांची शिवण आणि खरखरीत धागे काळ्या रंगावर उमटतात. आरशांच्या खाली, दारांच्या फटीत, पेट्रोलच्या झाकणाभोवती पाणी लपलेलं असतं. ते दहा मिनिटांनी ओघळून रेघ पाडतं, तिथे वेगळं फडकं फिरवा. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, पाणी शोषायची त्याची ताकद जाते.

डाग पडलेच तर? ताज्या डागावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, मऊ फडक्यानं मिनिटभर टेकवा आणि धुऊन टाका. पक्ष्यांची घाण आम्लयुक्त असते, उन्हात ती क्लिअर कोटमध्ये उतरते. ती दिसल्याबरोबर ओला टिश्यू ठेवून मऊ करून उचला. किड्यांवर पाच मिनिटं ओलं फडकं. डांबराच्या ठिपक्यांवर रॉकेलची जुनी युक्ती चालते, पण ती मेणही काढते, नंतर शॅम्पूनं धुवायलाच लागतं.

मेण की सिरॅमिक की पीपीएफ?

शोरूममध्ये डिलिव्हरीच्या गडबडीत कोटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं जातं. सही करायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.

मेण: कार्नोबा नावाच्या ब्राझीलमधल्या पाम झाडाच्या पानांवरचं. काळ्या रंगावर ते सगळ्यात खोल, ओलसर चमक देतं. पण आपल्या उन्हात दीड-दोन महिन्यांत उतरतं. ज्यांना रविवारी गाडीसोबत वेळ घालवायला आवडतो, त्यांच्यासाठी.

सीलंट: कृत्रिम पॉलिमर. चार-सहा महिने टिकतं. आळशी पण नीटनेटक्या लोकांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी!

सिरॅमिक: सिलिकावर आधारलेला कडक थर, नीट लावला आणि सांभाळला तर काही वर्षं टिकतो. धूळ सहज निघते, पाणी घरंगळून जातं, म्हणजे पुढे धुवायला पाणीही कमी लागतं. पण तो चिलखत नाही. ट्रकनं उडवलेला दगड किंवा किल्लीचा ओरखडा तो थांबवत नाही. आणि लावायच्या आधी जुने ओरखडे काढले नाहीत तर तेच त्याखाली कैद होतात.

पीपीएफ: पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म. दगडापासून खरं संरक्षण हीच देते. पूर्ण गाडीला खर्च लाखाच्या घरात जातो, त्यामुळे हायवेवर जास्त जात असाल तर फक्त बंपर, बॉनेटची पुढची कड आणि आरसे एवढंच करून घेणं शहाणपणाचं.

यातलं काहीही निवडा, पण गॅरेजच्या 'रबिंग-पॉलिश'ला दर दिवाळीला हो म्हणू नका. ओरखडे घालवायचे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत क्लिअर कोट घासून कमी करायचा. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि परत येत नाहीत. क्लिअर कोट म्हणजे तुमची एफडी. अडचणीला मोडायची, हौसेला नाही.

गाडीवर कव्हर घालत असाल तर आधी गाडी स्वच्छ हवी. धुळकट गाडीवरचं कव्हर वाऱ्यानं हललं की पॉलिश पेपरचं काम करतं.

गावात जाताना

राळेगणमध्ये यादवबाबांचं मंदिर, पद्मावतीचं मंदिर आणि शिवारातले बंधारे पायी फिरून बघण्यासारखे आहेत. वेळ असेल तर पारनेर तालुक्यातच निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे जरूर बघा. वाहत्या पाण्यानं दगडगोट्यांना घुसळत घुसळत खडकात रांजण कोरलेत. पाण्यातली वाळू कातळाचं हे करते, तर ४० मायक्रॉनच्या थराचं काय करेल, हे तिथे उभं राहिलं की आपोआप पटतं!

एक विनंती मात्र आहे. गाडी धुळकट झाली म्हणून ओढ्यात, तलावाच्या काठावर किंवा गावातल्या नळावर ती धुवायला काढू नका. तिथलं प्रत्येक बादलीभर पाणी कुणीतरी फावडं मारून, घाम गाळून अडवलेलं आहे, आणि शॅम्पूचा फेस मुरला तर तो त्यांच्याच विहिरीत जातो. काच तेवढी पुसा, धूळ घेऊन घरी या. काळ्या गाडीवरची नगर रोडची धूळ म्हणजे वीकएंड वसूल झाल्याची पावती समजा.

डिकीत ठेवाच

- मायक्रोफायबरची चार फडकी, दोन रंगांची. एक रंग बॉडीला, दुसरा चाकांना.
- पाण्याची एक लिटरची बाटली आणि टिश्यू, पक्षी व किड्यांसाठी.
- छोटा स्प्रे, रिन्सलेस वॉशच्या पाण्यानं भरलेला.
- मोठा सुकवायचा टॉवेल, बंद पिशवीत. उघडा ठेवलात तर त्यातच धूळ बसेल.
- कोरडा डस्टर: काढून टाका!